पाऱ्याचं गाव इद्रिया: ५०० वर्षांची खाण बंद पडली तरी गाव टिकलं कसं?

एकाच खाणीवर जगणारं गाव असलं की खाण संपल्यावर काय होतं हे जगभर दिसतं, तरुण पोरं शहर गाठतात, म्हातारी माणसं मागे राहतात, दुकानांची शटर एकेक करत खाली येतात. स्लोव्हेनियातलं इद्रिया हे जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव या हिशोबाने कधीच ओस पडायला हवं होतं, कारण तिथे पाचशे वर्षं मुख्य धंदा एकच, जमिनीतून पारा काढायचा, आणि तो धंदा १९९० च्या दशकात कायमचा थांबला. पण गाव जागेवर आहे, नुसतं आहे असं नाही तर तिथल्या कंपन्या जगभरच्या गाड्यांना आणि मशीनना पार्ट पुरवतात. हे समजून घ्यायचं तर भूगोल, थोडं रसायनशास्त्र, युरोपचं राजकारण सगळंच एकत्र बघावं लागतं.

आधी जागा बघू. स्लोव्हेनिया म्हणजे इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्या मधोमध बसलेला साधारण २१ लाख लोकसंख्येचा देश. राजधानी ल्युब्लियाना, तिथून पश्चिमेला साधारण साठ किलोमीटर गेलं की इद्रिया येतं. आल्प्सचे डोंगर संपत येतात आणि चुनखडीचा, गुहांचा, जमिनीखाली नद्या गडप होणारा प्रदेश सुरू होतो त्या सीमेवर हे गाव. गावाजवळच दिव्ये येझेरो नावाचा एक झरा आहे, दिसायला छोटं हिरवं तळं, पण खाली इतकं खोल की पाणबुडे दीडशे मीटरच्या पुढे गेले तरी तळ सापडला नाही. त्यातून निघणारी नदी शंभर मीटरसुद्धा लांब नाही, लगेच इद्रीत्सा नदीला मिळते. इद्रीत्सा पुढे सोचा नदीला मिळते आणि सोचा इटलीत शिरून त्रिएस्तेच्या आखातात समुद्राला मिळते. हा पाण्याचा रस्ता लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दरी अरुंद, चारी बाजूंनी उतार, सपाट जमीन नावाला, पाऊस भरपूर. शेती करून गाव पोसावं अशी ही जागाच नाही, आणि रेल्वे तर इथे आजतागायत आली नाही. म्हणजे इथे माणसांनी गाव वसवण्याचं पाऱ्याशिवाय दुसरं काही कारण दिसत नाही. आणि तरीही १८ व्या शतकात त्या प्रांतात ल्युब्लियानानंतरचं सगळ्यात मोठं गाव हेच होतं!

पारा इथेच का सापडला? साधारण २४ कोटी वर्षांपूर्वी या भागात जमीन ताणली जाऊन खोल भेगा पडत होत्या, ज्वालामुखी जागे होते, आणि त्या भेगांतून पाऱ्याचा अंश असलेलं गरम पाणी वर येत होतं. वर येता येता ते थंड झालं आणि पारा गंधकाशी जोडला जाऊन लाल दगड बनला, तोच आपला हिंगूळ. काही ठिकाणी हे गरम पाणी थेट तेव्हाच्या दलदलीत आणि उथळ समुद्रात उफाळून आलं, तिथे तर चिखलाच्या थरातच हिंगूळ साचला आणि ते खनिज सगळ्यात श्रीमंत निघालं, खाणवाले त्याच्या रंगरूपावरून पोलादी, यकृतासारखं, विटेसारखं अशी नावं द्यायचे. आणि इद्रियाची खरी खासियत म्हणजे काळ्या पाटीच्या दगडात पारा गंधकाशी न जोडता तसाच सुटा राहिला, दगड फोडला की चकचकीत थेंब बाहेर. असा सुटा पारा एवढ्या प्रमाणात मिळणं दुर्मिळ आहे. नंतर आल्प्स उभे राहताना हा सगळा साठा दुमडला, उलटापालटा झाला, वरचे थर खाली गेले, म्हणून खाणीचा नकाशा बघितला तर डोकं चक्रावतं. इथून जाणारा इद्रिया फॉल्ट, म्हणजे जमिनीच्या पोटातली लांब भेग, अजूनही हलता आहे, आणि १५११ साली या भागात झालेला भूकंप हा स्लोव्हेनियाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा समजला जातो.

शोधाची गोष्ट गावात अशी सांगतात की १४९० च्या सुमारास लाकडी बादल्या बनवणारा एक माणूस नवी बादली फुगावी म्हणून ओढ्यात बुडवून ठेवून गेला, परत येऊन बघतो तर बादली उचलेना, तळाशी काहीतरी जड, चंदेरी, हाताला न लागणारं. बादलीवाला खरा की लोककथा ते सोडून द्या, पण भौतिकशास्त्र बरोबर आहे, पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो आणि इथल्या दगडातून तो खरोखरच झिरपत होता. १५०० साली आडवा बोगदा खणायला घेतला, संत अँथनीच्या नावाचा, तो युरोपातल्या सगळ्यात जुन्या खाण-दारांपैकी एक आहे आणि आज पर्यटक त्यातूनच आत जातात. मग २२ जून १५०८ ला खोलवर हिंगुळाचा मोठा साठा लागला, आणि तो दिवस अजून गावाचा सण म्हणून पाळला जातो.

इथे कुणीही विचारेल, एवढ्या पाऱ्याचं करायचे काय? थर्मामीटर तर फार नंतरचे. पाऱ्याने आरसे बनायचे, व्हेनिसचे आरसे प्रसिद्धच होते. हिंगुळापासून लाल रंग बनायचा. सोन्याचा मुलामा द्यायला पारा लागायचा, आणि गर्मीच्या रोगावर, म्हणजे सिफिलिसवर, औषध म्हणूनही वापरायचे, ज्याने रोग्याचे हाल जास्तच व्हायचे. पण खरी मागणी आली चांदीमुळे. १५५० च्या दशकात मेक्सिकोमध्ये एक पद्धत निघाली, चांदीचं खनिज बारीक कुटून त्यात मीठ आणि पारा मिसळायचा, पारा चांदीला धरून ठेवतो, मग तापवून पारा उडवून लावला की चांदी हातात. यामुळे हलक्या प्रतीच्या खनिजातूनही चांदी काढणं परवडायला लागलं. म्हणजे अमेरिका खंडातली बरीचशी चांदी पाऱ्याशिवाय निघत नव्हती, आणि जगात पाऱ्याच्या मोठ्या खाणी मोजून तीन-चार, स्पेनमधली अल्मादेन सगळ्यात मोठी, दुसऱ्या नंबरला इद्रिया, शिवाय पेरूतली हुआंकावेलिका. पारा ज्याच्या हातात त्याच्या हातात चांदीचा नळ. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग राजघराण्याने १५८० मध्ये खाण खाजगी भागीदारांकडून काढून सरकारी केली. १७ व्या शतकात ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांकडून याच पाऱ्याच्या तारणावर राजाने कर्ज काढलं, आणि १७८५ मध्ये स्पेनने इद्रियाचा पारा विकत घ्यायचा करार केला, कारण अल्मादेनचा माल त्यांना पुरेना. एका अरुंद दरीतला माल अटलांटिक ओलांडून मेक्सिकोच्या चांदीपर्यंत पोचत होता, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

दगडातून पारा काढायची पद्धत तत्त्वाने सोपी आहे. हिंगूळ हवेत खूप तापवला की गंधक जळून धूर होतो आणि पारा वाफ होऊन सुटतो, ती वाफ थंड जागी नेली की पुन्हा थेंब होतात, डाळ शिजताना झाकणाच्या आतून पाणी जमतं तसंच. सुरुवातीला जंगलात मातीच्या मडक्यांत हे करायचे, नंतर भट्ट्या आल्या, १७५० च्या सुमारास अल्मादेनच्या धर्तीवरच्या भट्ट्या बांधल्या, पुढे आणखी सुधारणा. पण गोम ही की सगळी वाफ कधीच पकडता येत नाही. पाचशे वर्षांत इद्रियातून एक लाख सात हजार टनांहून जास्त पारा विक्रीला गेला, जगातल्या आजवरच्या उत्पादनाच्या साधारण १३ टक्के. आणि खणून वर आणलेल्या पाऱ्याचा जवळपास पाव हिस्सा हाती लागलाच नाही, तो धुरातून हवेत, भट्टीच्या राखेतून नदीत, आणि मातीत गेला.

भट्ट्यांना लाकूड लागतं, बोगद्यांना टेकू द्यायलाही लाकूडच. आजूबाजूला जंगल होतं पण रस्ते नव्हते, म्हणून त्यांनी नदीलाच कामाला लावलं. वरच्या खोऱ्यात धरणं बांधली, त्यांना क्लावझे म्हणतात, आधी लाकडी, १७७० च्या आसपास दगडी. धरणामागे पाणी साठवायचं, खालच्या पात्रात ओंडके रचून ठेवायचे, मग दार एकदम उघडायचं, लोंढा ओंडके घेऊन थेट गावात यायचा आणि तिथे नदीवर आडव्या बांधलेल्या लाकडी जाळीला अडायचा. ही धरणं आजही उभी आहेत, दगडी बांधकाम बघितलं तर कुणी खजिन्याच्या रक्षणासाठी बांधलं असेल असं वाटावं इतकं भक्कम.

खाणीतलं पाणी उपसायचा प्रश्न त्याहून मोठा. त्याचं उत्तर म्हणजे कामश्त, १७९० साली बसवलेलं लाकडी पाणचक्र, व्यास १३.६ मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढं. नदीचं पाणी साडेतीन किलोमीटरच्या कालव्यातून या चाकावर पडायचं, चाक मिनिटाला चार-पाच फेऱ्या घ्यायचं, त्याच्या दांड्यांनी पंप वरखाली व्हायचे आणि दोनशे मीटरहून जास्त खोलीवरचं पाणी वर यायचं. युरोपात जपून राहिलेलं सगळ्यात मोठं लाकडी पाणचक्र हेच. आणि हे १९४८ पर्यंत चालत होतं! दीडशे वर्षांहून जास्त. मला या गावातली कुठली एक गोष्ट बघायला मिळणार असेल तर मी हे चाकच निवडेन, कारण त्यात सगळं दिसतं, डोंगर आहे म्हणून उतार आहे, उतार आहे म्हणून पाण्यात जोर आहे, आणि त्या जोरावर खालची माणसं कोरडी राहून काम करतायत.

कोरडी म्हटलं, सुरक्षित नाही. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, श्वासातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. हात थरथरायला लागतात, हिरड्या सुजतात, दात पडतात, तोंडाला सारखी लाळ सुटते, माणूस चिडचिडा नाहीतर गप्प होतो. जिथे सुटा पारा होता तिथे काम करणाऱ्यांचे हाल सगळ्यात वाईट, भट्टीवाल्यांचेही तसेच. १७५४ मध्ये खाणीने डॉक्टर नेमला, जोव्हानी अँतोनियो स्कोपोली, त्याने पंधरा वर्षं इथे काढली आणि खाणकामगारांच्या या आजाराबद्दल १७६१ मध्ये सविस्तर लिहिलं. कामगारांच्या आजारांबद्दल डॉक्टरने जागेवर राहून, रोगी बघून लिहिलेलं हे फार सुरुवातीच्या कामांपैकी आहे. तोच माणूस रिकाम्या वेळात डोंगर तुडवत झाडं गोळा करायचा, वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेयसशी पत्रव्यवहार करायचा, आणि प्रवासात उलटी होऊ नये म्हणून जे स्कोपोलामाईन वापरतात त्याचं नाव त्याच्याच नावाच्या झाडावरून आलंय.

आता पैशाचा भाग. शेती नाही, तर खायचं काय? खाणच धान्य विकत आणून ठरलेल्या भावात कामगारांना द्यायची, गावाच्या चौकातलं मोठं धान्याचं कोठार अजून उभं आहे, त्याच्या जवळच १८ व्या शतकातलं थिएटर आहे, स्लोव्हेनियातली सगळ्यात जुनी थिएटरची इमारत. डॉक्टर खाणीचा, औषधाचं दुकान खाणीचं, लाकूड खाणीचं. वरवर बघता छान वाटतं, पण पगार कमी होता आणि घरात एक कमावता आजारी पडला की संपलं. म्हणून बायकांनी लेस विणायला घेतली. इद्रियात लेसचा पहिला लेखी उल्लेख १६९६ चा. गोल घट्ट उशीवर कागदाचा नमुना टाचायचा, सुताची टोकं लाकडी काड्यांना गुंडाळलेली असतात, त्या जोडीजोडीने एकमेकांवरून फिरवायच्या, पिळायच्या, मध्ये टाचणी टोचायची, पुढे सरकायचं. काड्या एकमेकांवर आपटून टकटक आवाज येत राहतो. वीतभर लेसला तासन्‌तास जातात. हा पैसा छोटा असायचा पण रोखीचा, आणि खाणीच्या हिशोबवहीशी त्याचा संबंध नव्हता, एवढी एकच कमाई घराच्या स्वतःच्या हातात होती. १८७६ मध्ये लेसची शाळा निघाली, ती साम्राज्य बदलली, देश बदलले तरी चालू राहिली, आजही गावातली शेकडो मुलं तिथे शिकतात, मुलगेसुद्धा. २०१८ मध्ये स्लोव्हेनियाच्या लेसकामाला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

शाळेवरून आणखी एक. १९०१ मध्ये गावाने स्वतः हायस्कूल काढलं, स्लोव्हेन भाषेतून शिकवणारं त्या प्रकारचं पहिलं. तेव्हा राज्य ऑस्ट्रियाचं, साहेबाची भाषा जर्मन, आणि खाणकामगारांच्या गावाने मुलांना आपल्या भाषेत गणित, विज्ञान शिकवायचं ठरवलं. मला वाटतं गाव टिकण्याचं मूळ इथे आहे, पारा संपला तरी शिकलेली माणसं संपत नाहीत.

पण लगेच संकट आलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर इटलीचं सैन्य आलं आणि १९२० च्या रापालो तहाने हा पट्टा इटलीला गेला. फॅसिस्ट राजवटीत स्लोव्हेन शाळा बंद झाल्या, खूप लोक गाव सोडून गेले. इटलीकडे आता तोस्कानामधली मोंते अमियाता आणि इद्रिया अशा दोन पाऱ्याच्या खाणी झाल्या, त्यामुळे १९२८ मध्ये इटली आणि स्पेनच्या उत्पादकांनी मिळून भाव ठरवायची युती केली, जगाचा बराचसा पारा या दोघांच्याच हातात. १९४३ मध्ये इटली कोसळल्यावर जर्मन आले, आणि १९४७ मध्ये इद्रिया युगोस्लाव्हियात गेलं. म्हणजे १९१८ च्या आधी जन्मलेल्या माणसाने घर न बदलता तीन-चार राज्यं बघितली. भट्टी मात्र सगळ्यांनाच पेटती हवी होती.

आता शेवट कसा झाला ते. जपानमध्ये मिनामाता गावात एका कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे मासे खाणारे लोक भयंकर आजारी पडले, १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला, त्यानंतर हळूहळू जगाने पाऱ्याकडे पाठ फिरवली. १९७० च्या दशकात भाव पडले, १९७७ मध्ये इद्रियाने उत्पादन थांबवलं, १९८३ मध्ये पुन्हा थोडं सुरू केलं, पण १९८० च्या दशकातच कायमचं बंद करायचं ठरलं आणि १९९५ च्या आसपास शेवटचा पारा निघाला.

पण गावाने तोपर्यंत वाट बघितली नव्हती. १९६३ मध्ये, म्हणजे खाण अजून जोरात असताना, इथे कोलेक्टोर नावाची कंपनी सुरू झाली, माल एकच, कम्युटेटर. मिक्सरची मोटर उघडून कार्बन बदलताना बघितली असेल तर तो कार्बन ज्या तांब्याच्या गोल कड्यावर घासतो ते म्हणजे कम्युटेटर. तांब्याच्या पट्ट्या, मध्ये इन्सुलेशन, कडं फिरलं की वीज योग्य वेळी उलटी होते आणि मोटर फिरत राहते. वस्तू छोटी, हलकी, पण माप चुकलं तर मोटर जळते. रेल्वे नसलेल्या, सपाट जमीन नसलेल्या दरीसाठी यापेक्षा योग्य माल नाही, कारण ट्रकभर मालात किंमत भरपूर आणि जागा कमी. १९६८ मध्ये एका जर्मन कंपनीशी भागीदारी झाली, कम्युनिस्ट देशात हे सोपं नव्हतं, त्यातून तंत्र आणि बाजार दोन्ही मिळालं, आणि पुढे कोलेक्टोर जगातल्या मोठ्या कम्युटेटर उत्पादकांमध्ये गेली. शेजारच्या स्पोदन्या इद्रियात हिद्रिया नावाच्या दुसऱ्या कंपनीचे कारखाने वाढले, इलेक्ट्रिक मोटरचे आतले पोलादी भाग आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणारे. खाणीतले फिटर, टर्नर, सर्व्हेअर यांची पुढची पिढी या कारखान्यांत गेली. खाण बंद होताना रोजगाराची दुसरी जागा तीस वर्षं आधीपासून तयार होती, हा सगळ्यात मोठा फरक.

खाण बंद करणं म्हणजे कुलूप लावणं नाही हेही सांगायला हवं. सातशे किलोमीटरहून जास्त लांबीचे बोगदे, पंधरा थर, जवळपास चारशे मीटर खोल, आणि बराचसा भाग गावाच्या बरोबर खाली. तसंच सोडलं असतं तर वरची घरं खचली असती. म्हणून वर्षानुवर्षं बोगद्यांत सिमेंटचं मिश्रण भरलं गेलं, खालचे थर पाण्याखाली जाऊ दिले, आणि जमीन किती हलते, पाण्यात किती पारा येतो याची मोजणी आजही एक सरकारी संस्था करते.

पारा मात्र गावाच्या हद्दीत थांबला नाही. भट्ट्यांची राख शतकानुशतकं इद्रीत्साच्या काठावर टाकली गेली, प्रत्येक पुरात ती थोडी थोडी सोचामार्गे त्रिएस्तेच्या आखातात जाते, तिथल्या गाळात सूक्ष्मजीव पाऱ्याचं मिथाईल पाऱ्यात, म्हणजे त्याच्या जास्त विषारी रूपात, रूपांतर करतात आणि तो माशांत चढतो. भट्टी विझून तीन दशकं झाली तरी हे चालू आहे आणि पुढेही बराच काळ चालेल. १३० हून जास्त देशांनी मान्य केलेला पाऱ्यावरचा करार २०१७ मध्ये लागू झाला, त्यालाही मिनामाताचंच नाव आहे.

२०१२ मध्ये अल्मादेन आणि इद्रिया यांना मिळून युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला, १६ व्या शतकातल्या गेवेर्केनेग किल्ल्यात, जो खरंतर खाणीचं ऑफिस आणि गोदाम होता, तिथे म्युझियम आहे, जुनी भट्टीही बघायला मिळते. बटाट्याचं सारण भरलेले झ्लिक्रोफी हा इथला पदार्थ, त्याला युरोपियन युनियनचं पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण २०१० मध्ये मिळालं, मटणाच्या रश्शासोबत खातात. जून महिन्यात लेसचा उत्सव भरतो. पण पर्यटन हा जोडधंदा आहे, गावाचं पोट अजून कारखान्यांवरच, आणि त्यातला मोठा हिस्सा गाड्यांच्या उद्योगाशी बांधलेला. गाड्या आता इलेक्ट्रिक होतायत, त्यांच्या मुख्य मोटरमध्ये कम्युटेटर लागतच नाही, त्यामुळे कोलेक्टोर चुंबकांच्या, सेन्सरच्या, वीजवितरणाच्या कामांकडे वळली आहे आणि हिद्रिया इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरचे भाग करते. १९६३ मध्ये जो निर्णय खाण जोरात असताना घेतला गेला, तसलाच निर्णय आता या दोन्ही कंपन्या जुना माल खपत असतानाच घेतायत.